शेळीच्या दुधात कस किती?

मेसच्या दुधात दूध किती आणि पाणी किती यावर आपल्या हॉस्टेलवर रात्री दोन वाजेपर्यंत जेवढी चर्चा होते, तेवढी फ्लुइड मेकॅनिक्सवर झाली असती तर यंदा एवढ्यांना केटी लागली नसती. पण हा लेख मेसच्या दुधावर नाही. तो आहे शेळीच्या दुधावर, आणि दुधातलं प्रोटीन मोजायचं म्हणजे नक्की काय मोजायचं यावर. मला हे कळायला अख्खा उन्हाळा लागला आणि मध्ये एक मोठी चूक झाली. ती चूक लपवून लेख लिहिला तर तो जर्नलसारखा होईल, म्हणून तीही सांगते.

तर झालं असं. माझी मावशी पेणहून खोपोलीकडे जाताना रस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात राहते. (विनोबांचं जन्मगाव गागोदं याच बाजूला.) तिच्याकडे दोन शेळ्या, चांदी आणि काळी. जात विचारली की मावशी म्हणते, "गावठी, आणखी काय?" मावसभावाचं बाळ तेव्हा नऊ महिन्यांचं होतं. त्याला गाईचं दूध सुरू केल्यावर अंगावर गांधी उठायला लागल्या, उलट्या व्हायला लागल्या. पेणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि गाईचं-म्हशीचं दूध बंद करायला सांगितलं. आता काय द्यायचं? गावातल्या सगळ्या बायकांचं एकमत झालं : बकरीचं द्या, हलकं असतं, गांधीजी नाही का पीत होते!

गांधीजी शेळीचं दूध पीत होते हे खरं. पण त्यामागे पचनाचा हिशोब नव्हता. जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणारा फुक्याचा अत्याचार त्यांना कळला आणि त्यांनी दूधच सोडलं. १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर अशक्तपणा काही हटेना, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीच्या दुधाला ते कुठे लागू होतं? म्हणजे हा प्रोटीनचा प्रश्न नव्हताच, शब्दाचा होता. आणि गांधीजी तेव्हा नऊ महिन्यांचे नव्हते, हेही आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी तेव्हा सेकंड इयर संपवून रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत ट्रेनिंगला जात होते. राहायला पेणलाच, मावशीकडे. सकाळी दिवा-रोहा गाडीने जायचं आणि संध्याकाळी परत. मावशी म्हणाली, "तू लॅबमध्ये शिकतेस ना गो? मग बघ की आमच्या बकरीच्या दुधात कस किती तो. म्हणजे पोराला द्यायचं की नाही ते कळेल."

'कस' या शब्दाशी मी अडखळले. कॉन्व्हेंटमध्ये प्रोटीन हा शब्द पाठ होता, मराठीच्या पेपरपुरतं 'प्रथिने' येत होतं, पण कस कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी मनातल्या मनात कस बरोबर प्रोटीन असं समीकरण मांडून टाकलं आणि पिशवीत बाटली घालून निघाले.

आता मुद्द्याचं. प्रोटीन सरळ मोजता येत नाही. दुधात विरघळलेलं मीठ मोजायला ठरलेली टेस्ट आहे, कारण मीठ हा एकच पदार्थ आहे. प्रोटीन हा एक पदार्थ नाही, ती एक मोठी जमात आहे. मग काय करायचं, तर जमातीतल्या सगळ्यांकडे असते आणि दुधातल्या बाकीच्यांकडे नसते अशी एखादी खूण शोधायची. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. त्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. फॅटमध्येही मुख्यतः तेच तीन. प्रोटीनमध्ये या तिघांबरोबर नायट्रोजनही असतो. म्हणजे दुधातला नायट्रोजन पकडला की त्यावरून प्रोटीनचा अंदाज बांधता येतो.

ही युक्ती वापरात आणली योहान केल्डाल या डॅनिश केमिस्टने, १८८३ साली. (आपण सगळे लॅबमध्ये 'जेल्डाल' म्हणतो. म्हणू दे.) तो कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा आणि त्याला बार्लीतलं प्रोटीन मोजायचं होतं. जगभरच्या दुधाचं मोजमाप बिअरच्या कृपेने होतं, ही माहिती हॉस्टेलवर कोणत्या कामासाठी वापरली जाईल याची मला पूर्ण कल्पना आहे.

धाटावच्या कंपनीत केल्डालचा सेट होता, कारण त्यांच्या एका प्रॉडक्टमधला नायट्रोजन रोज तपासावा लागायचा. क्यूसीच्या सरांना भीत भीत विचारलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "दूध? बरं. पण आमची सॅम्पल्स झाल्यावर, आणि माझ्यासमोर."

पहिल्या दिवशीचं सॅम्पल फुकट गेलं. मे महिना, साध्या बाटलीत दूध, गाडी कासूच्या पुढे थांबून राहिली आणि रोह्याला उतरेपर्यंत दूध फाटलं. वर पाणी, खाली गोळे. तुम्ही म्हणाल, नायट्रोजन थोडाच उडून जातो? नाही जात, बाटलीत तेवढाच राहतो. पण त्यातून ५ ग्रॅम काढायचे कुठून? वरचं पाणी घेतलं तर आकडा कमी येणार, गोळा घेतला तर भरमसाट. सगळ्या दुधाचा प्रतिनिधी असेल असा चमचाच त्यातून निघत नाही. सर म्हणाले, "मशीनवर होणाऱ्या चुकांपेक्षा बाटलीत होणाऱ्या चुका जास्त असतात." दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्याने धुतलेली बाटली, तिच्याभोवती थर्मासमध्ये बर्फ, आणि घेण्याआधी बाटली हलक्या हाताने दहा-बारा वेळा उलटसुलट. शेळीच्या दुधातले फॅटचे थेंब गाईच्या दुधापेक्षा बारीक असतात, त्यामुळे साय हळू वर येते. तरी हलवायचं ते हलवायचंच.

पुढची कृती अशी. ५ ग्रॅम दूध लांब मानेच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं. त्यात कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड, ॲसिडचा उकळबिंदू वाढवायला पोटॅशियम सल्फेट आणि कॅटलिस्ट म्हणून चिमूटभर कॉपर सल्फेट. मग फ्यूम हूडमध्ये तापवायचं. सुरुवातीला दूध जळून काळंकुट्ट होतं आणि फेस वर चढतो. इथे घाई केली तर सॅम्पल मानेतून बाहेर. (माझं एकदा आलं.) हळूहळू तापमान ४०० अंशांजवळ न्यायचं. तास-दीड तासात काळा रंग जातो आणि तळाशी स्वच्छ, हिरवट-निळसर द्रव उरतो. दूध, फॅट, साखर सगळं गेलं. प्रोटीनमधला नायट्रोजन तेवढा अमोनियम सल्फेट होऊन ॲसिडमध्ये अडकून बसला.

आता त्याला बाहेर काढायचं. थंड करून, पाणी घालून, भरपूर कॉस्टिक घालायचं. अमोनियम सल्फेटमधून अमोनिया सुटतो. तो वाफेबरोबर डिस्टिल करून बोरिक ॲसिडमध्ये पकडायचा. बोरिक ॲसिडमध्ये इंडिकेटर असतो. अमोनिया आत यायला लागला की गुलाबी रंगाचा हिरवा होतो. मग ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब थेंब सोडायचं, हिरवा परत गुलाबी होईपर्यंत. दुधाऐवजी नुसतं पाणी घेऊन हीच सगळी कवायत एकदा करायची, म्हणजे केमिकल्समधला नायट्रोजन किती तो कळतो. तो ब्लँक.

माझं रीडिंग १८.१ मिली, ब्लँक ०.२. राहिले १७.९. ०.१ नॉर्मल ॲसिडचा १ मिली म्हणजे १.४ मिलिग्रॅम नायट्रोजन. म्हणजे ५ ग्रॅम दुधात २५.०६ मिलिग्रॅम, अर्थात ०.५० टक्के. त्याला ६.३८ ने गुणायचं. आलं ३.२ टक्के प्रोटीन! दुसऱ्या फ्लास्कचं ३.१६ आलं. सरांनी मान डोलावली. सेकंड इयरला माझी दोन रीडिंग्ज इतकी जवळ पहिल्यांदाच, कोणाचं न बघता, आली होती.

हे ६.३८ कुठून आलं? दुधाच्या प्रोटीनमध्ये वजनाने सुमारे १५.७ टक्के नायट्रोजन असतो. १०० ला त्याने भागा. इतर बऱ्याच अन्नपदार्थांना १६ टक्के धरून ६.२५ ने गुणतात. म्हणजे हा गुणक हा एक समझोता आहे. आपण मोजला नायट्रोजन, आणि 'हा सगळा दुधाच्या प्रोटीनमधूनच आला असणार' असं गृहीत धरून गुणाकार केला. सर त्याच वेळी म्हणाले होते, "हा आकडा नायट्रोजनचा आहे बरं का, लक्षात ठेव." मी 'हो सर' म्हटलं. व्हायवाला म्हणतो तसं.

त्या गृहीतावर किती मोठा घोटाळा होऊ शकतो ते चीनमध्ये २००८ साली दिसलं. दुधात पाणी घातलं की प्रोटीनचा आकडा उतरतो. तो परत चढवायला मेलामाइन मिसळलं गेलं. हे प्लास्टिकच्या ताटल्यांसाठी वापरतात ते. मेलामाइनमध्ये वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. केल्डालच्या टेस्टला नायट्रोजन दिसला, टेस्ट खूश. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, मूत्रपिंडात खडे झाले, सहा बाळं दगावली. आपल्याकडे ओळखीचा पदार्थ आहे युरिया. त्यात सुमारे ४६ टक्के नायट्रोजन. हिशोब करून बघा : एक लिटर दुधात १ ग्रॅम युरिया घातला की केल्डालच्या आकड्यात सुमारे ०.३ टक्के 'प्रोटीन' वाढतं. मावशी चांदीच्या दुधात युरिया घालणार नाही, पण थोडा युरिया दुधात निसर्गतःच असतो. शेळीच्या दुधात हा प्रोटीनबाहेरचा नायट्रोजन गाईच्या दुधापेक्षा सहसा थोडा जास्तच असतो.

मावसभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) हे सगळं ऐकून म्हणाला, "डेअरीवर मशीनमध्ये दूध घातलं की मिनिटात प्रोटीन छापून येतं. तू तीन तास काय करतेस?" प्रश्न बरोबर होता. मोठ्या डेऱ्यांच्या लॅबमध्ये इन्फ्रारेडवर चालणारी मशीन्स असतात. प्रोटीनमध्ये अमिनो ॲसिड्स ज्या बंधाने जोडलेली असतात, तो पेप्टाइड बंध साडेसहा मायक्रॉनच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतो. जितका प्रकाश कमी पोचला तितकं प्रोटीन जास्त. पण किती शोषला म्हणजे किती प्रोटीन, हे त्या मशीनला आधी शिकवावं लागतं आणि ते शिकवायला केल्डालचे आकडेच लागतात. गाईच्या दुधावर शिकलेल्या मशीनला शेळीचं दूध दिलं तर उत्तर येतं, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. गावपातळीवरच्या लहान मशीनमध्ये तर बहुतेक वेळा ध्वनिलहरी असतात. त्या दुधातून किती वेगाने जातात त्यावरून फॅट आणि बाकीचे घन पदार्थ काढतात, आणि प्रोटीनचा आकडा त्यांच्यावरून हिशोबाने छापला जातो. लॅक्टोमीटर तर फक्त घनता सांगतो. प्रोटीनशी त्याची ओळखसुद्धा नाही.

एक पद्धत मला फार आवडली. अमिडो ब्लॅक नावाच्या रंगाचं ठरावीक द्रावण दुधात घालायचं. प्रोटीन त्या रंगाला धरून खाली बसतं. वरचा द्रव जितका फिका, तितकं प्रोटीन जास्त. आणि युरिया किंवा मेलामाइन रंगाला असं धरून खाली बसवत नाहीत, त्यामुळे ही टेस्ट त्यांना फसत नाही.

हे सगळं मी आज शहाणपणाने लिहितेय. त्या दिवशी मात्र मी रोहा स्टेशनवरून घरी फोन केला आणि ओरडूनच सांगितलं, "मावशी, ३.२ टक्के! गाईच्या दुधाएवढंच!" मावशीने ऐकलं, गाईएवढाच कस आहे. वहिनीने ऐकलं, लॅबमध्ये तपासलं, चांगलं आहे. गाडी नागोठण्याला पोचायच्या आत बाळाला पाण्यात मिसळून दोन चमचे दूध दिलं गेलं होतं.

अर्ध्या तासात त्याचे डोळे सुजले, पोटावर लाल गांधी आल्या, तो खोकायला लागला. शेजाऱ्यांच्या रिक्षातून पेणला नेलं. मी स्टेशनवरून थेट तिकडेच गेले. इंजेक्शन दिल्यावर सूज उतरली. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी तो हसायला लागला. वहिनी मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, बकरीचं दूध द्यायला कोणी सांगितलं? मी माझा रीडिंगचा कागद पुढे केला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला. ब्लँकसुद्धा. म्हणाले, "काम नीट केलं आहेस. पण यात प्रोटीन किती ते आहे. ह्या बाळाला कोणतं प्रोटीन चालत नाही हा प्रश्न होता."

आता हे 'कोणतं' कसं मोजायचं? मजा म्हणजे याचं अर्धं उत्तर मावशीला आधीपासून ठाऊक होतं, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात दोन गोष्टी होतात. थंड दुधात लिंबू पिळलं की गोळे होतात आणि हिरवट पाणी उरतं. आणि जनावर व्यायलं की पहिल्या चिकाचा खरवस होतो, म्हणजे लिंबू न पिळता नुसत्या वाफेवर चीक थापला जातो. साधं दूध कितीही उकळा, ते थापलं जात नाही.

लिंबाने जे खाली बसतं ते केसीन. दुधाच्या प्रोटीनपैकी सुमारे ८० टक्के, गाईतही आणि शेळीतही. पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीनच्या कणांवरचा विद्युतभार संपतो, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि गोळा होतात. वरच्या निवळीत जे विरघळून राहतं ते व्हे प्रोटीन. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन आणि रोगप्रतिकारक इम्युनोग्लोब्युलिन यातले. यांना ॲसिडने फार फरक पडत नाही, पण उष्णतेने ते उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. गाईच्या पहिल्या चिकात एकूण प्रोटीन नेहमीच्या चौपटीच्या आसपास असतं आणि त्यात इम्युनोग्लोब्युलिनचा भरणा. म्हणून खरवस जमतो. म्हणजे खरवस आणि नासलेलं दूध हे दोन वेगळ्या प्रोटीनचे दोन वेगळे प्रयोग आहेत, आणि घरोघरी चालतात.

याच कल्पनेवर रोलँड नावाच्या शास्त्रज्ञाची १९३८ सालची पद्धत आहे. दुधाचे तीन वाटे करायचे. पहिल्याचं सरळ केल्डाल : एकूण नायट्रोजन. दुसऱ्यात ॲसेटिक ॲसिड आणि सोडियम ॲसेटेट घालून पीएच ४.६ ला आणायचा, केसीन गाळून टाकायचं आणि गाळलेल्या पाण्याचं केल्डाल करायचं. तिसऱ्यात ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड १२ टक्क्यांपर्यंत घालायचं. त्याने केसीन, व्हे सगळंच खाली बसतं आणि पाण्यात उरतो युरियासारखा प्रोटीनबाहेरचा नायट्रोजन. पुढे दुसरीतली वजाबाकी.

डॉक्टरांच्या त्या वाक्यानंतर मी पुन्हा सरांकडे गेले. काय झालं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त ट्रायक्लोरोॲसेटिकची बाटली काढून दिली. चांदी-काळीच्या एकत्र दुधाचे माझे आकडे असे आले : एकूण ०.५०, केसीन काढल्यावर ०.१२, सगळं प्रोटीन काढल्यावर ०.०४. या शेवटच्याला तर ब्युरेट जेमतेम हलली. म्हणजे केसीनचा नायट्रोजन ०.३८, व्हेचा ०.०८, आणि ०.०४ प्रोटीनचा नव्हताच. मी फोनवर ओरडून सांगितलेल्या ३.२ मधला सुमारे पाव टक्का प्रोटीन नव्हतं! खरं प्रोटीन २.९ च्या जवळ.

पण केसीन हीसुद्धा पुन्हा जमातच. त्यात अल्फा-एस-वन, अल्फा-एस-टू, बीटा आणि कापा असे चौघे. शेळीची गंमत या पहिल्यात आहे. १९८० च्या दशकात फ्रान्स आणि इटलीतल्या संशोधकांना आढळलं की अल्फा-एस-वन केसीन किती बनणार हे शेळीला आईबापांकडून मिळालेल्या जीनवर ठरतं. जोरदार प्रकारचा जीन असेल तर एका प्रतीमागे लिटरला सुमारे ३.६ ग्रॅम, मधल्याला १.६, कमजोर प्रकाराला ०.६ आणि एका प्रकारात शून्य. एकाच कळपात, एकाच पाल्यावर वाढलेल्या दोन शेळ्यांच्या दुधात एवढा फरक पडू शकतो. हे प्रोटीन कमी असलं की दूध विरजलं तरी दही ढिलं लागतं, पनीरचा उतारा कमी पडतो. 'बकरीचं दूध हलकं' या म्हणण्यात काही तथ्य असेल तर ते इथे आहे : पोटात त्याचा मऊ गोळा होतो. पण हलकं म्हणजे निर्धोक असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

चौघांना वेगळं बघायला केल्डालचा काही उपयोग नाही. तिथे लागते जेल इलेक्ट्रोफोरेसिस. माझी शाळेतली एक मैत्रीण मुंबईला बायोटेक करते. तिच्या लॅबमध्ये मी थर्मास घेऊन गेले. (दिवा-रोहा गाडीत मला आता दूधवाली म्हणून ओळखत असावेत.) प्रोटीनला एसडीएस नावाच्या साबणासारख्या रसायनात उकळतात. त्याने त्याच्या घड्या उलगडतात आणि सगळ्यांवर ऋण भार चढतो. मग त्यांना जेलीच्या पातळ थरात सोडून वीज लावायची. सगळे धन टोकाकडे धावतात. लहान रेणू जाळीतून पुढे निसटतात, मोठे मागे अडकतात. संध्याकाळच्या दिवा-रोहा गाडीच्या डब्यातून दाराकडे जायचा प्रयत्न केलेल्यांना हे वेगळं समजावायची गरज नाही. मग निळा रंग दिला की ज्याच्या त्याच्या जागी पट्टे दिसतात.

आम्ही एका रांगेत गाईचं दूध घातलं होतं, शेजारी चांदीचं, त्याच्या शेजारी काळीचं. जेल धुऊन झाल्यावर दोघी दिव्यावर धरून बघत बसलो. खाली लहान अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन, त्याच्या वर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, वर केसीनचा जाड घोळका. तिन्ही रांगांत. शेळीच्या रांगांत केसीनमधला एक पट्टा गाईपेक्षा फिका होता, पण बाकी गाईची रांग आणि शेळीची रांग शेजारी ठेवली तर बहिणी वाटाव्यात. पट्टा एकाच उंचीवर आहे म्हणजे वजन सारखं, एवढंच जेल सांगते. पण या प्रोटीनमधल्या अमिनो ॲसिडचा क्रमही शोधला गेलेला आहे, आणि गाय-शेळीत तो बहुतांशी सारखा आहे. बाळाचं शरीर ज्या आकाराला शत्रू समजून बसलं होतं, तोच आकार चांदीच्या दुधातही होता. आईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसतंच. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण जेलसमोर बसून ते कळलं.

मग मी शोधलं. इटलीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या २६ मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली शेळीचं दूध देऊन पाहिलं होतं. २४ मुलांना त्रास झाला. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, जी प्रोटीनच्या कुठल्याच टेस्टमध्ये दिसली नसती. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं, गाईच्या दुधाच्या साधारण पाचवा हिस्सा. नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना होणारा ॲनिमिया जर्मनीतल्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवला आहे. बाळाला मग प्रोटीनचे आधीच बारीक तुकडे केलेलं खास पावडरचं दूध लिहून दिलं. महाग आहे. दादा महिन्याचा हिशोब करताना डबे मोजतो, पण त्या पावडरने गांधी उठल्या नाहीत. आता बाळ दीड वर्षाचं आहे, भात-वरण, नाचणीची पेज सगळं खातं. बरीच मुलं मोठी होता होता या ॲलर्जीतून बाहेर पडतात, पण ते डॉक्टरांसमोर तपासून ठरेल. यावेळी मी कुठलाही आकडा दिलेला नाही.

एक काम राहिलंय. साध्या एसडीएस जेलवर केसीनचे चौघे दाटीवाटीने उभे राहतात, त्यामुळे काळी आणि चांदी यांच्यात अल्फा-एस-वन कोणाकडे जास्त ते आम्हाला खात्रीने सांगता आलं नाही. त्यासाठी युरिया घातलेली जेल लागते. (हो, तोच युरिया. इथे तो चांगल्या कामाला.) मावशी म्हणते की काळीचं दही नेहमीच ढिलं होतं, चांदीचं घट्ट, मशीन कशाला पाहिजे. मैत्रिणीशी तारीख ठरली आहे.

परवा मावशीचा फोन आला. काळी व्यायली, दोन करडं आहेत, एक अगदी चांदीसारखं पांढरं. "चीक काढून ठेवते गो, शनिवारी ये खरवसाला." मग जरा थांबून, "बाळाला नाही द्यायचा, माहितेय मला."

थर्मास घेऊन जाणार आहे.